वाफेच्या दाबाखाली निर्जंतुकीकरण: पुण्यातल्या दवाखान्यांचे, लॅबचे आणि अळिंबी उत्पादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधला दंतवैद्य, तळेगावच्या पॉलिहाउसला जरबेराची रोपं पुरवणारी ऊतिसंवर्धन लॅब, मुळशीत अळिंबी (मशरूम) घेणारा शेतकरी आणि कॉलेजची मायक्रोबायोलॉजीची प्रयोगशाळा, या सगळ्यांकडे यंत्र एकच असतं: दाबाखालच्या वाफेनं वस्तू निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह. अडचणीही बऱ्याचशा सारख्याच असतात. खालची उत्तरं मुख्यतः साध्या उभ्या ऑटोक्लेव्हला धरून लिहिली आहेत. पंपानं आतली हवा ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम मशिनबद्दल वेगळं सांगण्यासारखं असेल तिथे तसं म्हटलं आहे. तुमच्या मशिनच्या पुस्तिकेत निराळी सूचना असेल तर ती आधी पाळा.

हत्यारं वीस मिनिटं उकळली तर पुरे नाही का? पूर्वी दवाखान्यात तेच करायचे.

पुरे नाही. उकळल्यानं बहुतेक जंतू आणि विषाणू मरतात, पण धनुर्वात किंवा गॅस गँगरिन घडवणाऱ्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त बसलेली त्यांची चिवट रूपं, त्यातून तरून जातात. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर. इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यातलं पाणी त्याच्या वर तापत नाही.

बीजाणू मारायला कोरड्या ओव्हनमध्ये १६० अंश आणि दोन तास लागतात. वाफेला १२१ अंशांवर काही मिनिटं पुरतात. फरक कशानं पडतो, ते कुकरच्या वाफेचा चटका बसलेल्या कुणालाही पटेल. वाफ गार वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं, आणि ते होताना एका ग्रॅममागे पाचशेहून जास्त कॅलरी उष्णता ती त्या जागी सोडते. तेवढंच गरम पाणी एक अंशानं निवलं तर जेमतेम एक कॅलरी देतं. शिवाय वाफेबरोबर ओल येते आणि ओलीत प्रथिनं फार लवकर साकळतात. म्हणूनच वाफ वस्तूच्या प्रत्येक पृष्ठभागाला प्रत्यक्ष टेकली पाहिजे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचं मूळ या एका वाक्यात आहे.

१२१ अंश, १५ पौंड, १५ मिनिटं. पुस्तकातले हे आकडे पुण्यात जसेच्या तसे चालतात का?

तापमान आणि वेळ चालते. दाबाचा आकडा थोडा बदलतो, आणि हे फार थोड्या ठिकाणी पाळलं जातं.

गेज (दाब दाखवणारी काट्याची तबकडी) दर चौरस इंचाला किती पौंड ते दाखवतो, पण तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त आहे एवढंच सांगतो. मुंबईत बाहेरची हवा साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास. वाफेचं तापमान मात्र आतल्या एकूण दाबावर ठरतं. त्यामुळे मुंबईत काटा १५ पौंडांवर असताना आत १२१ अंश असतात, तर पुण्यात तोच काटा तिथेच असताना १२० अंश. इथे १२१ अंश मिळवायला काटा १६ पौंडांवर लागतो. महाबळेश्वरात तर १७ च्या थोडा वरच. १३४ अंशांची सायकल असेल तर पुण्यात साधारण साडेतीस पौंड धरा.

एका अंशानं काय बिघडतं? तापमान १० अंशांनी उतरलं की वाफेची मारक शक्ती दहाव्या हिश्शावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबानं १२० अंशांची १५ मिनिटं म्हणजे १२१ अंशांची जेमतेम १२ मिनिटं. कपड्यांच्या गाठोड्याला तुम्ही ३० मिनिटं देत असाल तर फार बिघडणार नाही. काटेकोर १५ मिनिटांवर मीडिया (जंतू किंवा रोपांच्या ऊती वाढवायचं पोषक मिश्रण) काढणाऱ्याचं मात्र बिघडू शकतं. म्हणून मशिनला तापमापक असेल तर तापमान बघून चाला. नुसता गेज असेल तर १६ पौंडांची खूण करून ठेवा, मात्र मशिनची कमाल मर्यादा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या वर आहेत याची आधी खात्री करा. नसतील तर दाब न वाढवता वेळ पाच मिनिटांनी वाढवा. गेज वर्षातून एकदा कॅलिब्रेट करून घ्या. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम करून देणाऱ्या मान्यताप्राप्त लॅब आहेत.

काटा बरोबर होता, वेळही पूर्ण दिली, तरी स्पोअर टेस्ट (बीजाणू मेले का ते बघणारी परीक्षा) फेल झाली. असं कसं?

दहातल्या बहुतेक वेळा उत्तर एकच: आत हवा राहिली.

गेजला वाफ आणि हवा यांतला फरक कळत नाही. दोन्हींचा मिळून जो दाब होतो तो तो दाखवतो. समुद्रसपाटीला १५ पौंडांवर सगळी हवा गेलेली असेल तर १२१ अंश मिळतात. एक तृतीयांश हवा मागे राहिली तर ११५ च्या आसपास, निम्मी राहिली तर ११२, आणि हवा काढलीच नाही तर जवळजवळ १०० अंश. काटा प्रत्येक वेळी तोच. आता वरचा हिशेब लावा. ११२ अंशांवरची १५ मिनिटं म्हणजे १२१ अंशांवरची दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

हवा वाफेपेक्षा जड असते. ती खाली बसते, गाठोड्यांच्या पोटात अडकते, उभ्या ठेवलेल्या रिकाम्या चंचुपात्रात तळाशी साचते. तोंड वर करून ठेवलेला स्टीलचा डबा म्हणजे हवेनं भरलेली बादलीच. वरून येणारी वाफ तिच्यावर तरंगते, आत उतरत नाही. तोच डबा आडवा ठेवा, हवा ओघळून बाहेर पडते. एवढ्या एका बदलानं फेल जाणारे लोड (एका वेळी मशिनमध्ये लावलेला माल) पास झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मग हवा नीट काढायची कशी? साध्या उभ्या ऑटोक्लेव्हची पूर्ण रीत सांगा.

आधी पाणी. हीटरच्या कॉइलवर किमान दोन बोटं पाणी उभं राहील इतकं घाला. लेव्हलची खूण असेल तर तिथपर्यंत, पण जाळीला टेकू देऊ नका. बास्केट पाण्यात बसली तर खालचा थर भिजतो. दर सायकलला पाणी बघायचं. काल होतं म्हणून आज असेलच असं नाही.

बास्केट भरताना भिंतीपासून आणि वस्तूवस्तूंमध्ये बोटभर जागा सोडा. झाकण ठेवण्याआधी गॅस्केट (झाकणाची रबरी कडी) आणि ती बसते ती कड ओल्या फडक्यानं पुसा. एक दोरा किंवा अगारचा (मीडिया घट्ट करणाऱ्या पदार्थाचा) कपचा अडकला तरी वाफ फुसफुसते. विंग नट समोरासमोरचे जोडीजोडीनं आवळा, एका बाजूनं गोल फिरत नाही. तसं केलं तर झाकण तिरकं बसतं.

आता स्टीम रिलीज कॉक पूर्ण उघडा ठेवूनच हीटर चालू करा. पाणी उकळू लागलं की कॉकमधून आधी थुंकल्यासारखी, तुटक वाफ येते. त्यात हवा असते. काही वेळानं तिचा सलग, जोराचा, एका आवाजाचा झोत होतो. घड्याळ लावायचं ते तो झोत सुरू झाल्यावर, आणि त्यानंतर पाच ते दहा मिनिटं वाफ जाऊ द्यायची. कपडे किंवा धान्याच्या पिशव्या असतील तर दहा. कॉकला रबरी नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं तर अंदाज आणखी पक्का येतो: हवा असेपर्यंत बुडबुडे वर येऊन फुटतात, नुसती वाफ येऊ लागली की ती पाण्यातच कडकड आवाज करत विरते. कॉक बंद करण्याआधी नळी बाहेर काढायला विसरू नका, नाहीतर गार होताना बादलीतलं पाणी आत ओढलं जाईल.

मग कॉक बंद. दाब चढेल. ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर वेळ मोजायला सुरुवात करा.

व्हॅक्यूम मशिन हेच काम पंपानं करतं: हवा ओढायची, वाफ सोडायची, असं तीन-चार वेळा. म्हणून पोकळ नळ्या, दातांचे हँडपीस आणि मोठी गाठोडी यांसाठी ते खरं उपयोगाचं. साध्या मशिनमध्ये हँडपीसच्या बारीक नळीतली हवा निघत नाही, कितीही वेळ दिला तरी.

वेळ नक्की किती द्यायची?

पाउचमधली (एक बाजू कागदाची, एक प्लास्टिकची अशी पिशवी) किंवा कापडात गुंडाळलेली हत्यारं आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतले (ओटीचे) कपडे साध्या मशिनमध्ये १२१ अंशांना ३० मिनिटं. व्हॅक्यूम मशिनमध्ये १३४ अंशांना साडेतीन ते चार मिनिटं, त्यानंतर वाळवण. टेस्ट ट्यूबमधला मीडिया १५ मिनिटं. बाटलीत २०० ते ५०० मिलि असेल तर २५, लिटरभर असेल तर ३० मिनिटं; कारण मशिन १२१ ला पोचतं तेव्हा बाटलीचं पोट अजून मागेच असतं. अळिंबीच्या स्पॉनसाठी (धान्यावर वाढवलेल्या बियाण्यासाठी) किलोभर भिजवून शिजवलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पिशवीला दीड ते दोन तास.

घरचा प्रेशर कुकर चालेल का?

अळिंबीच्या स्पॉनला किंवा घरगुती ऊतिसंवर्धनाच्या दहा-वीस बाटल्यांना चालेल. दवाखान्याच्या हत्यारांना नाही. कुकरला तापमापक नाही, वाळवण नाही, नोंद नाही.

स्वयंपाकघरातली जुनी रीत इथे अगदी बरोबर आहे: आधी नळीतून वाफेचा फवारा येऊ द्यायचा, मग शिट्टी ठेवायची. कामाला फक्त तो फवारा पाच-सात मिनिटं जाऊ द्या. शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की आच इतकी उतरवा की शिट्टी अधूनमधून हलती राहील, आणि तिथून घड्याळ लावा. तळाला जाळी किंवा उलटी ताटली ठेवा, पिशव्या तळाला टेकल्या तर वितळतात. खरी अडचण पाण्याची: दोन तास चालवायचं तर नेहमीचं दोन वाट्या पाणी पुरणार नाही, आणि कोरडा पडलेला कुकर सेफ्टी व्हॉल्व्ह उडवतो. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या. भाजीवाल्याकडच्या पातळ पिशव्या पॉलिथिनच्या असतात, त्या टिकत नाहीत.

पहिल्यांदाच अळिंबी करत असाल तर स्पॉन स्वतः करण्याआधी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात चौकशी करा. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीचा पेंढा दाबाखाली निर्जंतुक करावाच लागतो असं नाही. गरम पाण्याची प्रक्रिया त्याला पुरते. दाबाची खरी गरज स्पॉनला.

हत्यारं मशिनमध्ये जाणारच आहेत, मग आधी इतकं घासायचं कशाला?

कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. रक्त उष्णतेनं साकळून हत्यारावर पक्कं बसतं आणि त्याच्या आडोशाला जंतू सुरक्षित राहतात. वापरल्यानंतर हत्यार वाळू देऊ नका. आधी गार पाण्यात, मग एन्झाइमच्या द्रावणात, सांध्यात आणि दात्यांत मऊ ब्रश फिरवून, स्वच्छ पाण्यानं धुऊन पुसून कोरडं करा. आर्टरी फोर्सेप्स, कात्री, नीडल होल्डर उघडे ठेवूनच पॅक करा. रॅचेट लावून बंद ठेवलेल्या फोर्सेप्सच्या सांध्याला वाफ टेकत नाही, आणि तापल्यावर सांध्याला तडाही जाऊ शकतो. शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल सांध्यात घालू नका. तेलाच्या थराखाली वाफ शिरत नाही. पाण्यात विरघळणारं वंगण मिळतं, ते वापरा.

ड्रम (कपडे ठेवायचे भोकांचे धातूचे डबे) आणि गाठोडी कशी भरायची?

सैल. गाउन, ड्रेप दाबून बसवलेला ड्रम सगळ्यात जास्त दगा देतो. एक साधी कसोटी: भरलेल्या ड्रममध्ये सपाट हात कपड्यांच्या थरांतून तळापर्यंत सहज गेला पाहिजे. गाठोडं ३० गुणिले ३० गुणिले ५० सेंटिमीटरपेक्षा मोठं आणि साडेपाच किलोपेक्षा जड नको. घड्या उभ्या लावा, म्हणजे वाफ वरून खाली वाट काढत जाते. ड्रमच्या बाजूची भोकं मशिनमध्ये जाताना उघडी आणि बाहेर येताच बंद. ही भोकं उघडणारी-झाकणारी पट्टी फिरवायची राहिली की आतले कपडे वाफेविना तसेच परत येतात. पट्टी उघडी आहे का हे लोड लावणारे मामा किंवा मावशी यांच्याच नजरेला पडतं, म्हणून रजिस्टरमध्ये त्यांच्या सहीचा रकाना असावा.

एकाच लोडमध्ये कपडे आणि धातू असतील तर कपडे वर, धातू खाली. उलटं केलं तर धातूवर जमलेलं पाणी कपड्यांवर ठिबकतं.

पाउच ओले निघतात. ओले असले तरी निर्जंतुक असतातच ना?

मशिनमधून बाहेर येईपर्यंत असतील. ओला कागद मात्र हाताचे, टेबलाचे, हवेतले जंतू आत ओढून घेतो. म्हणून ओला पाउच निर्जंतुक धरायचा नाही, पुन्हा पॅक करून पुन्हा लावायचा. वरून पुसून कपाटात ठेवणं ही सगळ्यात घातक सवय.

ओल राहण्याची कारणं ठरलेली आहेत. पाउच एकावर एक आडवे रचले. ते काठावर उभे लावा, एकाची कागदी बाजू दुसऱ्याच्या प्लास्टिक बाजूसमोर. वाट्या, ट्रे सपाट ठेवले आणि पाणी साचलं. ते तिरके ठेवा. वाफ सोडल्यावर झाकण लगेच पूर्ण उघडलं. त्याऐवजी बोटभर फट ठेवून १५-२० मिनिटं थांबा, मशिनच्याच उष्णतेनं पाणी उडतं. आणि गरम पॅक फरशीवर किंवा कडाप्प्यावर ठेवले. गार दगडावर खालच्या बाजूला दव धरतं. जाळीच्या रॅकवर ठेवा आणि पूर्ण निवेपर्यंत हात लावू नका.

मीडियाच्या बाटल्या उतू जातात. कधी अगार घट्टच होत नाही. कधी रंग काळपट येतो.

तीन वेगळ्या चुका आहेत.

उतू जातं ते घाईनं वाफ सोडल्यामुळे. बाटलीतलं द्रव १२१ अंशांवर असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नाही. कॉक उघडला, दाब कोसळला, की ते एकदम उसळतं. द्रवाच्या लोडला कॉकला हातच लावायचा नाही; हीटर बंद करून काटा आपोआप शून्यावर येऊ द्यायचा. बाटली दोन तृतीयांशच भरा, झाकण अर्धा फेरा सैल ठेवा. काटा शून्यावर आला तरी बाटल्या ८० अंशांच्या खाली येईपर्यंत त्यांना हलवू नका. बाहेरून शांत दिसणारी बाटली धक्क्यानं उसळून हातातोंडावर येते. घट्ट झाकणाची बाटली तर फुटतेच.

अगार घट्ट होत नसेल तर आम्लता तपासा. पीएच ५ च्या खाली असेल तर उष्णतेत अगार तुटतं. ऊतिसंवर्धनाचा मीडिया सहसा ५.८ ला आणून मगच लावतात, कारण ऑटोक्लेव्हमध्ये पीएच थोडा उतरतो. दुसरं कारण, अगार आधी विरघळवलं नाही आणि ते तळाशी बसलं. बाटली थोडी निवल्यावर फेस न करता गोल फिरवून घ्या.

काळपटपणा म्हणजे साखर करपली. वेळ जास्त झाली, किंवा एकच मीडिया दोनदा लावला. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं एकत्र असतील तर हे लवकर होतं. ग्लुकोज वेगळं लावून नंतर मिसळा. जिबरेलिक आम्ल, आयएए (दोन्ही वनस्पतींची वाढसंप्रेरकं) आणि बहुतेक अँटिबायोटिक्स उष्णतेत टिकत नाहीत. ती ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, मीडिया ५० अंशांच्या आसपास आल्यावर घाला. त्याहून गार झाला तर अगार धरू लागतं.

ऑटोक्लेव्हमध्ये काय कधीच घालू नये?

हायपोक्लोराइट किंवा ब्लीच लागलेलं काहीही: क्लोरीन वायू सुटतो आणि स्टीलला खड्डे पडतात. फॉर्मलिन, फिनॉल, स्पिरिट, ईथर आणि इतर ज्वलनशील द्रव. डिस्पोजेबल पेट्री प्लेट, परत वापरायच्या म्हणून. त्या पॉलिस्टायरिनच्या असतात आणि वितळून त्यांचा गोळा होतो. व्हॅसलीन, तेल, टाल्कम पावडर यांत वाफ शिरत नाही, त्यांना कोरडा ओव्हन, १६० अंश, दोन तास.

पॅकवरची ऑटोक्लेव्ह टेप काळी झाली, म्हणजे झालं ना?

टेपवरच्या काळ्या रेषा एवढंच सांगतात की हा पॅक मशिनमधून जाऊन आला. कपाटातला लावलेला आणि न लावलेला पॅक वेगळा ओळखायला ती उत्तम आहे. आत वाफ पोचली का, किती वेळ टिकली, हे तिला कळत नाही; ती पॅकच्या बाहेर आहे. म्हणून मोठ्या पॅकच्या पोटात चौथ्या किंवा पाचव्या प्रकारची रासायनिक पट्टी ठेवायची, जी वेळ, तापमान आणि वाफ तिन्हींना दाद देते.

खरी परीक्षा बीजाणूंची, आठवड्यातून किमान एकदा. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे दहा लाखांवर बीजाणू असलेली कुपी किंवा पट्टी लोडमधल्या सगळ्यात अवघड जागी ठेवा: सर्वांत मोठ्या पॅकच्या मध्यात, मशिनच्या तळाकडे, ड्रेनजवळ. वरच्या कप्प्यात ठेवलेली कुपी पास होणारच, तिला काही अर्थ नाही. सायकलनंतर ती ५५ ते ६० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवायची. इथे एक चूक वारंवार दिसते: कुपी ३७ अंशांच्या नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली जाते. हा जंतू उष्णताप्रेमी आहे, ३७ ला तो जिवंत असला तरी वाढत नाही, आणि रजिस्टरमध्ये 'निगेटिव्ह' लिहिलं जातं. म्हणून त्याच लॉटची, ऑटोक्लेव्ह न केलेली एक कुपी शेजारी ठेवाच. ती जांभळ्याची पिवळी झाली पाहिजे. ती झाली नाही तर तुमच्या परीक्षेचा निकालच ग्राह्य नाही.

व्हॅक्यूम मशिनवर रोज सकाळी, मशिन तापवून घेतल्यावर, पहिल्या लोडआधी, हवा नीट निघते का ते बघणारी बोवी-डिक टेस्ट करा. १९६३ मध्ये पुढे आलेली ही टेस्ट अजूनही तितकीच कामाची आहे: १३४ अंश, साडेतीन मिनिटं, रिकाम्या मशिनमध्ये फक्त टेस्ट पॅक. कागदाचा रंग मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा बदलला पाहिजे. मध्ये फिकट डाग राहिला म्हणजे तिथे हवा होती.

स्पोअर टेस्ट फेल आली. आता पहिलं काम कोणतं?

त्या लोडचं सगळं बाजूला काढा, वापरलेलं असेल तर रजिस्टरवरून कुठे गेलं ते शोधा. शेवटच्या पास निकालानंतरचे सगळे लोड संशयित धरा. मग हवा काढण्याची वेळ, लोडची गर्दी, ड्रेनची जाळी, गॅस्केट आणि गेज या क्रमानं तपासा. ड्रेनच्या जाळीत दोरे आणि लेबलं अडकून हवेची वाट बंद झालेली सापडणं फार नेहमीचं. दुरुस्तीनंतर लागोपाठ तीन पास निकाल येईपर्यंत मशिन कामाला घेऊ नका.

मशिनला पाणी कोणतं वापरू?

डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड. पालिकेच्या धरणाच्या पाण्यावर मशिन काही काळ तग धरतं. वाघोली, उंड्री, हिंजवडीकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे मात्र थोड्याच महिन्यांत कॉइलवर पांढरी खपली चढते. खपलीखाली उष्णता कोंडते आणि कॉइल जळते. हत्यारांवरचे पांढरे डागही त्याचेच. खपली काढायला लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून कॉइल अर्धा तास बुडवून ठेवा, मऊ ब्रशनं घासा, दोनदा धुवा आणि एक रिकामी सायकल चालवा. तारेची घासणी वापरू नका.

लॅबचा कचरा त्याच मशिनमध्ये लावला तर?

लावू नका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत कचऱ्यासाठी वेगळं मशिन सांगितलं आहे, आणि वेळाही वेगळ्या आहेत: साध्या मशिनमध्ये १२१ अंशांना किमान ६० मिनिटं, व्हॅक्यूम मशिनमध्ये ४५. कल्चर प्लेट आणि नळ्या सोपवण्याआधी लॅबमध्येच निर्जंतुक करायच्या असतात. पिशवी क्लोरीनविरहित प्लास्टिकची, दोन तृतीयांश भरलेली, तोंड सैल. कोरडा कचरा असेल तर पिशवीत पेलाभर पाणी घाला, नाहीतर पिशवीतच हवा अडकून राहते. दर आठवड्याच्या स्पोअर टेस्टची नोंद ठेवा.

काटा शून्यावर आहे, तरी झाकण निघत नाही. स्क्रू ड्रायव्हर घालू का?

मुळीच नाही. मशिन पूर्ण गार झालं असेल तर आतल्या वाफेचं पाणी होऊन पोकळी तयार झाली आहे आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते आहे. कॉक उघडा, सूं करून हवा आत जाईल, झाकण सुटेल. मशिन गरम असेल तर मात्र आधी शंका घ्या की गेज अडकला असावा. कॉक उघडून वाफ येते का बघा, तोंड आणि हात लांब ठेवून.

या झाकणाचा मान ठेवा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर १५ पौंडांना सुमारे ७४० किलोचा जोर असतो. एक विंग नट कमी असताना, 'आजच्या दिवस चालेल' म्हणून मशिन लावू नका. गॅस्केटला चीर दिसली की बदला, तिला तेल लावू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट बसवलेला कुठे दिसला तर ते मशिन त्याच क्षणी बंद करा. व्हॉल्व्हचा दांडा महिन्यातून एकदा, दाब असताना, लांब काठीनं उचलून तो मोकळा आहे याची खात्री करा.

सायकल मध्येच असताना लाइट गेली तर?

ठरलेल्या तापमानाच्या खाली गेलं की आधीची मिनिटं धरायची नाहीत. लाइट आल्यावर दाब पूर्ण उतरला असेल तर कॉक उघडून हवा काढण्यापासून सुरुवात, आणि वेळ पहिल्यापासून. हत्यारांना आणि कपड्यांना दुसऱ्यांदा लावल्यानं काही होत नाही. मीडिया टाकून नवा करा. घरगुती इन्व्हर्टर हा भार घेणार नाही: ३ किलोवॉटचा हीटर १३ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग लागतं. आपल्याकडे देखभालीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवायचं ते बहुधा गुरुवारी. मोठे लोड बुधवारी संध्याकाळी उरकून घ्या.

निर्जंतुक पॅक किती दिवस टिकतो?

पॅक कोरडा, अखंड आणि न दबलेला असेपर्यंत. तारीख लिहाच, पण तारखेपेक्षा कपाटाची अवस्था जास्त बोलते. जून ते सप्टेंबर भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात कापडी गाठोडी ओल धरतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खालचा कप्पा रिकामा सोडा. पाउचला रबर बँड लावून गठ्ठे करू नका, वळलेल्या कडेला कागद फाटतो. खाली पडलेला, फाटलेला, सील सुटलेला किंवा हाताला गार-ओलसर लागणारा पॅक पुन्हा धुण्यापासून सुरू.